'वेठीस धरणे' म्हणजे ओलीस ठेवणे का?

'संपामुळे रुग्ण वेठीस' या मथळ्यात 'ओलीस' चालेल का, अशी विचारणा आहे. चालेल कसलं, तिथे ओलीसच हवं! ओलिसाला अडकवून ठेवतात. वेठीला धरलेल्याकडून फुकट राबवून घेतात. रुग्णांना कुणी ओझी वाहायला लावली? आणि संपकरी सफाई कामगारांनी 'शहर वेठीस धरलं' असं छापून येतं तेव्हा तर संताप होतो. पिढ्यान्‌पिढ्या वेठीला जे धरले गेले, त्यांनाच धरणारे ठरवायचं?

वेठ म्हणजे संस्कृत 'विष्टि'. मुष्टीची मूठ, दृष्टीची दीठ, तशी विष्टीची वेठ. ती 'वेष्टन'मधून काढणाऱ्यांनी पाहावं, त्या शब्दाचा मराठीत 'वेढा' झाला. ठ आणायचा कुठून? वेठबिगार ही सुलतानी अमलाची देणगी, असं ठासून सांगणाऱ्यांनी जुनागढचा शिलालेख वाचावा. इ.स. 150 च्या सुमारास रुद्रदामनाने सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध पुन्हा घातला आणि कोरून ठेवलं, की कर, विष्टि आणि प्रणय (म्हणजे राजाने 'प्रेमाने' मागितलेली वर्गणी) यांनी प्रजेला न पिडता हे काम केलं. आपल्या विदर्भातल्या चम्मक ताम्रपटात वाकाटक राजा ब्राह्मणांना गाव देतो ते सर्व विष्टीतून मोकळं करून. म्हणजे इतर गावांना ती होतीच.

'बिगार' मात्र फारसी, अर्थ तोच. बाजारहाट, कागदपत्र हेही असेच जोडशब्द: एक फारसी, एक आपला. माझं मत असं, की दरबारची भाषा बदलली तरी राबणारी माणसं तीच राहिली, म्हणून जुना शब्द मेला नाही, नवा त्याला येऊन चिकटला. काम कुणी करायचं हे जन्माने ठरलेलं असलं की मजुरीचा भाव ठरायला वावच उरत नाही. महार वतनात हेच होतं. नावाला इनाम जमीन आणि बलुतं, त्या बदल्यात रात्रंदिवस सरकारी काम. वतनदार घरी नसला तर त्याच्या बापाला नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणाला नेत. 1874 चा वतन कायदा बदलावा म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. संविधानाच्या 23 व्या कलमाने वेठबिगारीला मनाई केली, तिथे इंग्रजी पाठातही 'बेगार' हाच शब्द आहे. तरीही ही वतनं कायद्याने जायला 1958 साल उजाडलं.