जपानीबरोबर बाबांचं वर्कशॉपपण घेऊन जा

प्रश्न: ताई, मी बी.ई. मेकॅनिकल केलंय, जपानी भाषेच्या परीक्षेची एन-2 पातळी पास आहे, परीक्षेला पुण्याला जाऊन आले. मला जपानात राहून फ्रीलान्स ट्रान्सलेशन आणि जमलं तर इंग्रजीत लेखन करायचंय, नोकरीत अडकायचं नाही. बाबांचं उद्यमबागला टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे, ते म्हणतात आधी नोकरी धर मग बघू. घरात रोज याच्यावरून वाद होतोय. – एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: अगं, पहिली दोन-तीन वर्षं तरी बाबांचं ऐक. मी स्वतः नागोयाला आधी नोकरी केली आणि मग ती सोडून फ्रीलान्स झाले, म्हणून सांगते. फ्रीलान्सर म्हणून वेगळा असा वर्क व्हिसा जपानात नाही. ट्रान्सलेशनचं काम ज्या व्हिसात बसतं त्याचं नाव लांबलचक आहे, इंजिनीअर, मानव्यविद्या तज्ज्ञ, आंतरराष्ट्रीय सेवा असं सगळं त्यात एकत्र आहे, आणि त्याच्यावर फ्रीलान्स करता येतं पण जपानातल्या कंपन्यांशी केलेले करार दाखवावे लागतात, त्यातून तुझं पोट नीट भरतंय हे इमिग्रेशनला पटलं पाहिजे. बेळगावात बसून असे करार कोण देणार तुला? तिथं नोकरीत असताना ओळखी होतात, कामाचा हात बसतो, मग दार उघडतं.

आता मुद्द्याचं. नुसतं जपानी येणारे खूप आहेत गं. एकदा एका फाउंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, रिपोर्टचं इंग्रजी भाषांतर माझ्याकडे तपासायला आलेलं, त्यात चक्क लिहिलेलं की कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, घरटं सापडलं. मूळ शब्द होता ‘सु’, अक्षर घरट्याचंच आहे, डिक्शनरी बघून केलेलं तर चूक म्हणवत नाही, पण फाउंड्रीत ‘सु’ म्हणजे कास्टिंगच्या आत राहिलेली पोकळी. उद्यमबागला कुठल्याही पोराला विचार, ब्लोहोल म्हणून लगेच सांगेल की. तसंच जपानी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘बारी नाकी कोतो’ अशी एक ओळ असते, म्हणजे बर, कापल्यावर कडेला राहणारी धातूची धारदार किनार, राहता कामा नये. तुझे बाबा जॉब मशीनवरनं काढला की पहिल्यांदा कडेवरून अंगठा फिरवून बघतात ना, तेच ते. हे तुला लहानपणापासून माहीत आहे आणि टोकियोच्या कॉलेजात भाषा शिकलेल्या माणसाला ते वेगळं शिकावं लागतं. म्हणून जायच्या आधी सहा महिने वर्कशॉपमध्ये बस, फिक्श्चर, टॉलरन्स, चॅम्फर, इन्स्पेक्शन रिपोर्ट, सगळ्याची जपानी-इंग्रजी वही कर, बाबांना विचारून विचारून. वादपण मिटेल कदाचित.

काम मुख्यतः जपानीतून इंग्रजीत मिळेल, मराठीत फार थोडं. पैसे बहुतेक करून मूळ जपानी अक्षरांवर मोजतात. एजन्सी आधी ट्रायल देते, छोटा उतारा असतो, त्याला घाई करू नकोस, त्यात नापास झालीस तर परत लवकर संधी देत नाहीत. आणि एन-1, म्हणजे वरची पातळी, कर, जुलै नाहीतर डिसेंबरला. एन-2 वर मॅन्युअल वाचता येतं पण करारातल्या वाक्यात कर्ता कुठं गेला ते सापडत नाही. मराठीत ‘पाठवतोस’ म्हटलं की कोण ते क्रियापदच सांगतं, जपानी क्रियापद सांगत नाही, तिथं माणूस फसतो.

नोकरी सोडशील तेव्हा 14 दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवायचं, आणि तेवढ्याच दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन राष्ट्रीय आरोग्य विमा आणि पेन्शनमध्ये नाव घालायचं. विम्याचा हप्ता गेल्या वर्षीच्या कमाईवर ठरतो, म्हणजे पगार बंद झालेला असतो आणि हप्ता पगारदाराचा येतो. मला त्या वर्षी फार ओढाताण झाली, तू आधीच पैसे बाजूला ठेव.

प्रश्न: मिस्टर टोकियोत नोकरीला आहेत, मी डिपेंडंट व्हिसावर. घरून लेख लिहिले तर चालतं का? – खानापूर

उत्तर: परवानगी न घेता नाही चालत वहिनी, घरात बसून केलं तरी ते कामच. नेहमीची परवानगी आठवड्याला 28 तासांची असते, पण लेखनात तास कोण मोजणार, म्हणून इमिग्रेशन ऑफिसला कामाचं स्वरूप सांगून तुमच्या कामाला वेगळी परवानगी लागते का ते विचारा. जपानी कंपनी लेखाचे किंवा भाषांतराचे पैसे देताना सहसा 10.21 टक्के टॅक्स कापूनच देते. ते गेले असं समजू नका. 16 फेब्रुवारी ते 15 मार्चमध्ये रिटर्न भरा, कमाई कमी असेल तर बरेचदा परत मिळतात. पावत्या जपून ठेवा.

प्रश्न: क्लायंटनं पैसे अडवले तर परक्या माणसानं काय करायचं? – निपाणी

उत्तर: माझे एकदा चार महिने अडकलेले, सगळं तोंडी ठरवलेलं म्हणून. आता नोव्हेंबर 2024 पासून जपानात फ्रीलान्सरसाठी कायदा आहे, काम काय, पैसे किती, कधी देणार हे कंपनीनं लेखी किंवा ईमेलवर द्यायचंच, आणि तुम्ही केलेलं काम कंपनीला मिळाल्यापासून 60 दिवसांच्या आत पैसे द्यायचे. परदेशी आहे म्हणून तुम्ही त्यातून वगळले जात नाही. ईमेल आल्याशिवाय फाइल उघडूसुद्धा नका.