साताऱ्याच्या डोंगरांतील वणव्याचा धूर आणि हवेतली धूळ उपग्रहचित्रात वेगळी ओळखता येते का?

होय, येते, मात्र आग आणि धूर या दोन गोष्टी वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.

आगीसाठी नासाच्या 'फर्म्स' नकाशावर उष्णतेचे ठिपके दिसतात. त्यांपैकी उपग्रहांवरील 'व्हीर्स' (VIIRS) या उपकरणाने टिपलेला प्रत्येक ठिपका सुमारे ३७५ मीटरच्या चौकोनाचा मध्य असल्यामुळे, यवतेश्वराच्या उतारावर गवत नेमके कोठे पेटले हे त्यावरून ठरवू नये. हे उपकरण असलेले उपग्रह साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. म्हणून संध्याकाळी पेटवून तासाभरात विझलेले उसाचे पाचट नकाशावर येतच नाही. ठिपका नाही म्हणजे आग नव्हती, असा निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

धूर मात्र दिवसाच्या खऱ्या रंगातील चित्रात पाहावा. तो निळसर-राखाडी असतो, उगमापाशी निमुळता असतो आणि वाऱ्याच्या दिशेने पिसासारखा पसरत जातो. धूळ पिवळसर-तपकिरी आणि विस्तीर्ण दिसते, तिला असे एक टोक क्वचितच सापडते. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईवर आलेली धूळ तर अरबी समुद्रावरून आली होती. कोरड्या माळावर हा रंग जमिनीत मिसळतो, तेव्हा अवरक्त किरणांच्या दोन पट्ट्यांतील तापमानाचा फरक पाहूनच धुळीची खात्री करावी.