हळदीच्या ड्रेसिंगचा परवाना : सहीआधी काय तपासाल?

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं सर्जिकल गॉज आणि बँडेजचं छोटं युनिट आहे. एका विद्यापीठानं उद्योगांना परवान्यानं देण्यासाठी बायोमेडिकल संशोधनांची यादी काढली आहे. त्यात मधुमेहींच्या न भरणाऱ्या जखमांसाठी कर्क्युमिनचं, म्हणजे हळदीतल्या घटकाचं, नॅनोफायबर (अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीचं) ड्रेसिंग आहे. मी चौकशी केल्यावर कराराचा मसुदा आला. १० वर्षांचा अनन्य परवाना (म्हणजे तो दुसऱ्या कुणाला देणार नाहीत), सहीच्या वेळी ६ लाख रुपये (परत मिळणार नाहीत), विक्रीवर ४ टक्के रॉयल्टी आणि पहिल्या वर्षापासून दरसाल किमान दीड लाख. पेटंटचा अर्ज प्रसिद्ध झाला आहे, पेटंट मिळालेलं नाही. हे संशोधन करणारे प्राध्यापक सर म्हणतात, ‘मिळालंच समजा.’ त्यातच त्यांच्याकडे पीएचडी केलेल्या एका मुलाचा फोन आला : मूळ काम त्याचं आहे आणि अर्जात त्याचं नावच नाही. ‘महिनाअखेर सही करा, दुसरी कंपनी तयार आहे,’ असं विद्यापीठाचा तंत्रज्ञान हस्तांतरण कक्ष म्हणतो. वडील तासगावजवळची द्राक्षबाग तारण ठेवायला तयार आहेत. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : महिनाअखेर सही करू नका आणि वडिलांच्या बागेवर बोजा चढवू देऊ नका. पण हे संशोधन सोडूनही देऊ नका. गॉज-बँडेजच्या धंद्यातून पुढच्या पायरीवर जायची तुमची इच्छा रास्त आहे, आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं काम रुग्णापर्यंत न्यायला तुमच्यासारखेच कारखानदार लागतात. मात्र या मसुद्यात धोका सगळा तुमच्या पदरात आणि पैसा सगळा आधी, अशी मांडणी आहे. ती बदलून घेता येते.

आधी हे पाहा की ६ लाखांत तुम्हाला नक्की काय मिळतंय. पेटंट नाही, तयार उत्पादन नाही, विक्रीची परवानगीही नाही. मिळतेय ती एका प्रलंबित अर्जावरची मुभा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम ११अ प्रमाणे अर्ज प्रसिद्ध झाल्यावर अर्जदाराला हक्क मिळतात, पण पेटंट मंजूर होईपर्यंत त्या हक्कांसाठी दावा लावता येत नाही. म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी हेच ड्रेसिंग बनवलं, तर आज ना विद्यापीठ त्याला अडवू शकतं, ना तुम्ही. ‘अनन्य’ परवान्याची खरी किंमत पेटंट मंजूर झाल्यावर सुरू होते. मग त्याचे पैसेही तेव्हाच द्यायला हवेत.

आता पेटंट मिळेल का? सरांचा विश्वास मनापासूनचा असेल, पण हळदीच्या बाबतीत मी कुणाच्याही शब्दावर विसंबणार नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीनं जखम भरण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरनं (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं) त्याला १९९६ मध्ये आव्हान दिलं. संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने संदर्भ आणि १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकातला लेख पुढे ठेवला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. मिळालेलं पेटंटही जातं. आपल्याकडे तर कलम ३(त) मध्ये पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही असं स्पष्टच लिहिलं आहे. हळद जखमेवर भरतात, हे सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही, आणि पेटंट कार्यालयालाही ते ठाऊक आहे.

याचा अर्थ तुमचं ड्रेसिंग बादच होईल असा नाही. कर्क्युमिन पाण्यात फारसं विरघळत नाही. ते तंतूंच्या जाळीत कसं बसवलं, किती वेळात जखमेत उतरतं, कोणत्या पॉलिमरमुळे हे साधलं, यात खरोखर नवं काही असेल तर पेटंट मिळू शकतं. पण अशा जाळीदार ड्रेसिंगवर जगभर बरंच संशोधन आधीच छापून आलेलं आहे. त्यामुळे विद्यापीठानं अर्जात रुंद हक्क मागितला असला, तरी मंजूर होताना तो अरुंद होण्याची शक्यता मोठी आहे. एकाच पॉलिमरपुरता हक्क मिळाला, तर स्पर्धक दुसरा पॉलिमर वापरेल.

हे ताडून बघणं तुमच्या हातात आहे आणि त्याला खर्च नाही. जमीन घेताना आपण सातबारा पाहतो, तसं पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर अर्जक्रमांक टाकून पाहा. अर्जदार कोण, शोधक म्हणून कोणाची नावं, परीक्षणाची विनंती दाखल झाली का, पहिला परीक्षण अहवाल आला का, हे सगळं तिथे दिसतं. अहवाल आला असेल तर तो पूर्ण वाचा. परीक्षकानं कोणते जुने लेख पुढे केले आणि विद्यापीठानं काय उत्तर दिलं, यातूनच अर्जाची तब्येत कळते. या अहवालाला उत्तर देण्यासाठी साधारण ६ महिने असतात, मुदतवाढही मागता येते. उत्तर न देता मुदत गेली तर अर्ज सोडून दिल्याचं धरलं जातं. विद्यापीठांत असे अर्ज बऱ्याचदा प्राध्यापकांच्या बदली-निवृत्तीत आणि फाइलींच्या प्रवासात अडकतात, म्हणून तारखा स्वतः तपासा.

आणखी एक तारीख पाहायची आहे, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते : त्या मुलाचा प्रबंध. पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर सगळ्यांना खुले असतात. पेटंटचा अर्ज दाखल होण्याआधीच प्रबंध किंवा शोधनिबंध लोकांसमोर आला असेल, तर शोधाचं नवेपण संपलेलं असू शकतं. कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे, पण ती ठरावीक प्रदर्शनं किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती. प्रबंध संकेतस्थळावर चढवणं त्यात सहज बसत नाही. दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी लिहा. अर्ज आधीचा असेल तर मोठी चिंता मिटली.

त्या मुलाचा फोन तुम्ही मनावर घेतलात, हे योग्य केलंत. शोधक म्हणून नाव लागणं आणि पेटंटची मालकी, या कायद्यानं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम २८ खाली खरा शोधक आपलं नाव लावून घेण्याची मागणी करू शकतो. त्या नावामुळे मालकीत वाटा आपोआप मिळत नाही. पण पेटंटचा अर्ज करण्याचा अधिकार मुळात खऱ्या आणि पहिल्या शोधकाचा किंवा त्यानं ज्याला हक्क लिहून दिला त्याचा असतो (कलम ६). प्राध्यापक नोकरीत असतात, पण शिष्यवृत्तीवरचा विद्यार्थी नोकर नव्हे. त्यानं हक्क लिहून दिलेला नसेल आणि काम खरोखर त्याचं असेल, तर ‘अर्ज गैरमार्गानं केला’ या कारणावर तो पेटंटला विरोध करू शकतो. मंजुरीआधी करू शकतो आणि मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून वर्षभरही. म्हणून विद्यापीठाकडे शोधकांची हक्कपत्रं आणि त्या विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या वेळी सही केलेला बौद्धिक संपदेचा नियम, दोन्हींच्या प्रती मागा. मुलाशी तुम्ही परस्पर तोडपाणी करू नका, त्याला पैसे किंवा शब्द देऊ नका. ‘तुझं म्हणणं विद्यापीठाला लेखी कळव,’ एवढंच सांगा आणि त्याचे मेसेज जपून ठेवा. त्याच्या कष्टावर कुणी बसलं असेल, तर ते दुरुस्त होणं तुमच्याही हिताचं आहे.

अर्जात दुसरी संस्था किंवा रुग्णालय सहअर्जदार असेल तर थांबा. कलम ५० प्रमाणे एक सहमालक दुसऱ्याच्या संमतीवाचून परवाना देऊ शकत नाही. प्रकल्पाला सरकारी अनुदान असेल तर मंजुरीपत्रातल्या अटीही पाहायला हव्यात. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ६ खाली काही नोंदणी किंवा मंजुरी लागते का आणि ती कोण घेणार, हेही विद्यापीठाकडून लेखी घ्या.

आता कारखान्याकडे येऊ. पेटंटचा परवाना आणि औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना यांचा एकमेकांशी संबंध नाही. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ मध्ये अ, ब, क, ड असे जोखमीचे वर्ग आहेत. अ आणि ब वर्गाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, क आणि ड वर्गाचा केंद्रीय औषध नियंत्रण संस्था. साधा गॉज खालच्या वर्गात असतो. औषधी घटक मिसळलेलं, मधुमेहींच्या खोल जखमेवर ठेवायचं ड्रेसिंग बरंच वर जाण्याची शक्यता धरून चाला. तसं दुसरं उपकरण आधी मंजूर झालेलं नसेल, तर रुग्णांवरची चाचणीही करावी लागू शकते. तिचा खर्च तुमच्या ६ लाखांपेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. त्यामुळे सहीआधी नियामक कामाचा जाणकार सल्लागार गाठा, वर्ग कोणता याचं लेखी मत घ्या आणि खर्चाचा अंदाज काढा. विद्यापीठाकडून प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नीतिसमितीची मान्यता आणि मूळ नोंदी मागा. छापलेल्या निबंधातला आलेख पुरेसा नाही.

या सगळ्याला वेळ लागणार. मग पहिल्या वर्षापासून किमान दीड लाख कशाचे? तो आकडा पहिल्या व्यापारी विक्रीनंतरच्या वर्षापासून सुरू व्हावा. ६ लाखांचे तुकडे पाडा : थोडी रक्कम सहीला, मोठा हप्ता पेटंट मंजूर झाल्यावर, उरलेली उत्पादन परवाना हाती आल्यावर. अर्ज नामंजूर झाला तर पुढचे हप्ते रद्द, आणि रॉयल्टी फक्त तंत्रज्ञान शिकवल्याबद्दलची, कमी दरानं व ठरावीक वर्षांपुरती. ४ टक्के ‘विक्रीवर’ असं मोघम ठेवू नका. जीएसटी, स्टॉकिस्टचं कमिशन, दहावर एक फ्रीची स्कीम, परत आलेला एक्स्पायरी माल, हे सगळं वजा करून ‘निव्वळ विक्री’ची व्याख्या लिहा. तुमच्या धंद्यात स्कीमशिवाय माल हलत नाही, आणि फुकट दिलेल्या डब्यावर रॉयल्टी भरायला लागली तर नफा तिथेच संपेल. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटीही येतो, तो तुमच्या सीएकडून हिशेबात धरून घ्या.

इतर कलमं भराभर सांगते. तुम्ही केलेली प्रत्येक सुधारणा विद्यापीठाचीच होणार किंवा पेटंटच्या वैधतेला आव्हान देणार नाही, अशी अट असेल तर ती काढायला लावा. पेटंट कायद्याच्या कलम १४० प्रमाणे अशा अटी निरर्थक ठरतात. पेटंटची वार्षिक फी आणि विरोध झाल्यास लढाईचा खर्च विद्यापीठानं करावा, फी चुकली तर तुम्हाला भरून रॉयल्टीतून वळती करण्याची मुभा असावी. उत्पादनातल्या दोषाची जबाबदारी तुमची, हे मान्य करा. पण विद्यापीठानं दिलेली माहिती खोटी निघाली तर ती त्यांची. ‘कुलगुरू नेमतील तो लवाद’ असं कलम सापडलं तर बदला. वादात हितसंबंध असलेल्यानं एकतर्फी एकमेव लवाद नेमणं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात अमान्य केलं आहे. न्यायालयीन अधिकारक्षेत्र शक्यतो सांगली ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात आहे, त्यामुळे वरची पायरीही आता जवळ आहे.

सगळ्या अटी एकाच लेखी दस्तात असायला हव्यात (पेटंट कायदा, कलम ६८), तोंडी आश्वासन कामाचं नाही. सही करणाऱ्याला अधिकार देणारा विद्यापीठाचा ठराव जोडून घ्या. पेटंट मंजूर झाल्यावर परवान्याची नोंद कलम ६९ प्रमाणे पेटंट कार्यालयात करा. नोंद नसलेला दस्त तुमच्या हक्काचा पुरावा म्हणून सहसा स्वीकारला जात नाही.

राहिली महिनाअखेरची मुदत. या आठवड्यात कक्षाला ईमेल लिहा : आम्हाला रस आहे, त्याआधी ६ ते ९ महिन्यांचा पर्याय करार करू, थोडी रक्कम देऊ, त्या काळात विद्यापीठानं हे ड्रेसिंग दुसऱ्या कुणाला देऊ नये, आम्ही गोपनीयता पाळून नमुने तपासू आणि शेवटी परवाना घ्यायचा की नाही ते कळवू. सोबत वर सांगितलेल्या कागदांची यादी जोडा. वडिलांना सांगा की या पर्याय रकमेसाठी बाग तारण लागत नाही, आणि उत्पादन परवान्याच्या वर्गाचं लेखी मत आल्याशिवाय बँकेकडे जायचं नाही. कक्षानं कागद द्यायला नकार दिला किंवा फक्त ‘लवकर सही करा’ एवढंच पुन्हा कळवलं, तर त्या दुसऱ्या कंपनीला ते घेऊ द्या. कागद आले तर सुधारित मसुदा आणि परीक्षण अहवाल घेऊन पेटंट एजंटकडे जा, आणि त्यानंतरच ६ लाखांच्या पहिल्या हप्त्याचा विचार करा.