बव्हेरिया की बर्लिन: पोस्टडॉकला निघालेल्या केमिस्टला उत्तर

पुण्यात ऑरगॅनिक केमिस्ट्रीची पीएचडी संपत आलीय, जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातल्या एका नावाजलेल्या प्राध्यापकांची आणि बर्लिनच्या एका लहान ग्रुपची अशा पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या, दोन ऑफर हातात आहेत, मुलगी सात वर्षांची. कुठे जाऊ, पुढे प्राध्यापक होता येईल का, एकटं वाटतं का, असं विचारलंस. ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करतेय. व्हिसा, विमा वगैरे सगळं सरकारी साइटवर नीट दिलंय, ते तिथे वाच.

बेंचवर सुख आहे, हे आधी सांगते. पुण्यात रीएजंटची महिना-महिना वाट बघायची, हेक्झेन आणि ईथाइल ॲसिटेट स्वतः डिस्टिल करून कंपाउंड शुद्ध करायचे कॉलम लावायचे, यात आपले हात तयार झालेले असतात. ते इथे लगेच कुणाच्याही लक्षात येतं. मेडिसिनलमध्ये, म्हणजे औषधांच्या केमिस्ट्रीत, मात्र देखण्या रिॲक्शनला फारसं कुणी विचारत नाही. अमाइड कपलिंग, सुझुकी या नेहमीच्याच रिॲक्शन, पुन्हा अमाइड. एकाच सांगाड्याची डझनावारी भावंडं करून बायोलॉजीवाल्यांकडे पाठवायची, आणि ज्याचा आयसी५० (निम्मा परिणाम साधायला लागणारं प्रमाण) सगळ्यात छान तेच कंपाउंड यकृताच्या मायक्रोसोम्समध्ये, म्हणजे औषधं मोडणाऱ्या यकृताच्या अर्कात, अर्ध्या तासात संपून जातं. एकदा आम्ही प्रोजेक्टच्या पैशातून एक इंटरमीडिएट, म्हणजे अर्धं तयार कंपाउंड, मागवलं, तर पुडकं हैदराबादहून आलं. लेबल बघून मी एकटीच हसले. इतरांना त्यात हसण्यासारखं काय ते कळेना.

आता प्राध्यापकीचं. विद्यापीठातल्या करारांसाठी इथे २००७ चा एक कायदा आहे. पीएचडीनंतर साधारण सहा वर्षं तात्पुरत्या करारावर राहता येतं. त्या मुदतीत कायमची जागा मिळाली तर ठीक, नाहीतर पुढे प्रोजेक्टचा पैसा असेल तितकेच दिवस. शिवाय ज्या विद्यापीठात आहेस तिथेच तुला प्राध्यापक म्हणून सहसा घेत नाहीत, म्हणजे पुन्हा शहर बदल, पुन्हा पोरांच्या शाळा. २०२१ मध्ये इथले तरुण संशोधक यावर जाहीरपणे चिडले होते, बरीच ओरड झाली. मुलामागे दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, पण तो हक्क नाही, विद्यापीठाची मर्जी. फेलोशिपची वर्षं या हिशेबात धरत नाहीत, म्हणून हुम्बोल्ट फेलोशिपसाठी अर्ज कर. त्या काळात पेन्शनचे हप्ते मात्र भरले जात नाहीत.

मला प्राध्यापकी मिळाली नाही. कायमची नोकरी आहे, फार्मसीच्या पोरांची प्रॅक्टिकल्स घेते, पगार वेळेवर होतो. पुण्यातली माझी लॅबमेट तिथेच राहिली, आज तिच्या हाताखाली पीएचडीची मुलं आहेत. तिचा पेपर आला की मी लगेच अभिनंदन लिहिते, आणि मग पेपरला जोडलेली सप्लिमेंटरी उघडून एकेक एनएमआर (कंपाउंड शुद्ध आहे का ते दाखवणारा आलेख) तपासत बसते, कुठे ईथाइल ॲसिटेटचा पीक राहिलाय का. राहिलेला असला की जरा बरं वाटतं. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

दुसरं मूल हवं असेल तर ऐक. इथे दिवस गेल्याचं कळवलं की ऑरगॅनिक लॅबचं दार जवळजवळ बंदच होतं. डीएमएफसारखी सॉल्व्हंट्स गर्भाला घातक, त्यामुळे नियम योग्यच आहे. पण माझे कॉलम मास्टर्सची मुलगी लावत होती आणि मी शेजारच्या खोलीत बसून रिव्ह्यू लिहीत होते. पेपरमध्ये तिचं नाव माझ्या आधी लागलं.

नावांचा घोळ येण्याआधीच निस्तर. माझा थीसिस माहेरच्या नावाने आणि पासपोर्ट सासरच्या. त्यात आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव एकत्रच पहिलं नाव म्हणून छापतात. विम्याच्या कार्डावर, पगाराच्या चिठ्ठीवर, पाळणाघराच्या यादीत सगळीकडे मी नवऱ्याच्या नावासकट. एका ऑफिसातल्या बाईंनी तर थीसिस माझाच कशावरून म्हणून फाइल परत पाठवली. लग्नाचा दाखला बरोबर आण, आणि पेपर एकाच नावाने छापत जा.

एकटेपणा असतो. नोव्हेंबरात जास्त. महाराष्ट्र मंडळाचा गणपती असतो, आणि त्यावर लिहिणारेही पुष्कळ आहेत.

शाळेचं मात्र मनाला लागलंय. बव्हेरियात चौथीतच फाटा फुटतो. मेच्या सुरुवातीला दाखला मिळतो, त्यात जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, या तिघांची सरासरी. १ म्हणजे उत्तम. २.३३ पर्यंत गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली, त्यापुढे मिटलशूल, म्हणजे हाताच्या कामाकडे झुकणारी. माझ्या मुलाला गणितात २, बाकी दोन्हींत ३, म्हणजे २.६६. पाणी शुद्धीकरणाची त्याची उत्तरपत्रिका मी ठेवलीय. आकृती अचूक, गाळणीचे थर बरोबर, बाण बरोबर, खाली स्पष्टीकरणाच्या ओळी कोऱ्या. बाई म्हणाल्या, घरी जर्मन बोलत जा. आम्ही दोघं पीएचडी, त्या छोट्याशा खुर्च्यांवर बसून मान डोलावत होतो. पुढे वाट बदलता येते, दहावीनंतर वरच्या शाळेत जाता येतं, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांना मीच समजावते. पोरगा स्वतः मजेत आहे, सुतारकामाच्या तासावर खूश. रात्री झोप माझीच उडते.

तुझी मुलगी येऊन दुसरीत बसेल. भाषा शिकून ती सरासरी गाठायला तिच्या हातात जेमतेम अडीच वर्षं. बर्लिनला प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, म्हणजे आणखी दोन वर्षं. बव्हेरियातल्या प्राध्यापकांचं नाव मोठं आहे, त्यांच्या पत्राने मुलाखती मिळतात, हे खरं. तरी मी असते तर बर्लिन घेतलं असतं. सही करण्याआधी तिथल्या ग्रुपच्या प्रमुख बाईंना एवढं विचार: निघताना प्रोजेक्टचा काही भाग स्वतःबरोबर नेता येईल का, आणि एखाद्या तरी पेपरवर कॉरस्पॉंडिंग ऑथर, म्हणजे कामाची जबाबदारी घेणारी लेखिका, म्हणून तुझं नाव लागेल का. उत्तर मेलवर लेखी घे.