गोल्फच्या ड्रायव्हरला स्टिफ शाफ्ट बसवला, तर चेंडू खरोखरच लांब आणि सरळ जातो का?

आपण लिहिले आहे की आपल्या ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्यासाठीच्या क्लबचा) शाफ्ट, म्हणजे दांडा, रेग्युलर (मध्यम लवचीक) आहे, चेंडू उंच जाऊन उजवीकडे वळतो आणि सोबत खेळणारे सर्वजण स्टिफ, म्हणजे अधिक कडक, शाफ्ट घेण्याचा आग्रह धरत आहेत. एवढ्याच माहितीवर तो घेऊ नये, असे माझे मत आहे. आपण उजव्या हाताने खेळत असाल, तर अधिक कडक शाफ्टने चेंडू उजवीकडे जाण्याची शक्यता कमी होण्याऐवजी वाढते. मी स्वतः काही वर्षांपूर्वी, बॅगेत स्टिफ शाफ्ट असणे म्हणजे चांगला खेळाडू असणे, अशा भ्रमात तो घेतला होता आणि त्यानंतरचे दोन हंगाम मी चेंडू उजवीकडच्या झाडीत शोधण्यात घालवले.

शाफ्टविषयी सर्वांत मोठा गैरसमज त्याला धनुष्य मानल्यामुळे होतो. स्विंग वरून खाली येऊ लागतो तेव्हा क्लबहेड (क्लबचे चेंडूला लागणारे डोके) मागे रेंगाळते आणि शाफ्ट मागच्या बाजूला वाकतो, इथपर्यंत ही उपमा ठीक आहे. पण चेंडूपाशी पोहोचेपर्यंत चित्र उलटलेले असते. क्लबहेडचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या रेषेवर नसतो, तो तिच्या थोडा मागे आणि टोच्या (हेडच्या शाफ्टपासून दूरच्या टोकाच्या) बाजूला असतो. क्लब वेगाने फिरू लागला की तो गुरुत्वमध्य बाहेर खेचला जाऊन हातांच्या ओळीत येऊ पाहतो आणि त्या ओढीने शाफ्टचे खालचे टोक पुढे वाकते, तर टो किंचित खाली झुकतो. टोक पुढे वाकल्यामुळे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) प्रत्यक्ष लॉफ्ट, म्हणजे मागे कलण्याचा कोन, वाढतो आणि फेस थोडा बंद होतो, म्हणजे डावीकडे वळतो. मऊ शाफ्टमध्ये हा परिणाम अधिक आणि कडक शाफ्टमध्ये कमी असतो. म्हणूनच कडक शाफ्टने चेंडू साधारणतः थोडा खालून आणि उजवीकडे जातो, मऊ शाफ्टने थोडा उंच आणि डावीकडे. हा फरक मोठा नसतो आणि माणूस नकळत आपला स्विंग शाफ्टशी जुळवून घेत असल्यामुळे तो प्रत्येकाच्या बाबतीत सारखा दिसतही नाही. (मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात शाफ्ट केळीसारखा वाकलेला दिसतो, त्यावर मात्र विश्वास ठेवू नका, कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो आणि तेवढ्या वेळात क्लब पुढे गेलेला असतो.)

चेंडू आणि फेस यांचा संपर्क जेमतेम अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. आघाताची जाणीव हातांपर्यंत पोहोचते तेव्हा चेंडू निघून गेलेला असतो. त्यामुळे शाफ्ट चेंडूला ढकलत नाही. क्लबहेड कोणत्या वेगाने, फेसच्या कोणत्या कोनात आणि फेसच्या कोणत्या भागाने चेंडूवर पोहोचते, एवढेच त्याच्या हाती असते. माझ्या अनुभवात या तिन्हींपैकी शेवटची गोष्ट हौशी खेळाडूसाठी सर्वांत महत्त्वाची ठरते आणि तिचा संबंध फ्लेक्सपेक्षा (शाफ्टच्या लवचीकपणापेक्षा) वजनाशी आणि लांबीशी अधिक असतो.

फ्लेक्सच्या अक्षरांबद्दल एक गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही. एल, ए, आर (रेग्युलर), एस (स्टिफ) आणि एक्स या मऊपासून कडकपर्यंतच्या अक्षरांना उद्योगात कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसऱ्या कंपनीच्या एसइतका कडक निघू शकतो, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिकांतही असे घडते. क्लब बांधणारे कारागीर म्हणूनच शाफ्टचे ग्रिपकडचे टोक पकडीत आवळून, दुसरे टोक हलवून, मिनिटाला किती आंदोलने होतात ते मोजतात. ढोबळ मानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असेल तर रेग्युलर आणि ९५ ते १०५ मैल असेल तर स्टिफ, असे सांगितले जाते, पण हा केवळ शोधाचा प्रारंभबिंदू आहे. ताशी ९२ मैलांचा वेग असलेले दोन खेळाडू घ्या : एक वर क्षणभर थांबून संथपणे खाली येतो, दुसरा वरूनच झटका देतो. शाफ्टवर पडणारा भार दोघांचा वेगळा असल्यामुळे दुसऱ्याला कडक शाफ्ट मानवेल आणि पहिल्याला तो काठीसारखा वाटेल.

वजनाकडे मी सर्वांत आधी पाहतो. ड्रायव्हरचे हेड साधारण २०० ग्रॅमचे आणि ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते. बदलण्याला खरा वाव शाफ्टमध्येच असतो आणि ग्राफाइटचे शाफ्ट सुमारे ४० ते ८० ग्रॅमपर्यंत मिळतात. फार हलका शाफ्ट हातात आला की बहुतेकांचे हात घाई करतात आणि चेंडू फेसच्या कोणत्याही भागाला लागू लागतो; फार जड असला तर सुरुवातीच्या काही होलपर्यंत सारे छान चालते आणि शेवटी खांदे थकले की चेंडू उजवीकडे जाऊ लागतो. आपला उजवीकडे जाणारा चेंडू फेरीच्या सुरुवातीपासूनच तसा असतो की उत्तरार्धात तसा होतो, हे आपण लिहिलेले नाही, पण ते अवश्य पाहावे.

लांबीचेही तसेच आहे. नियमानुसार पटर (होलजवळ चेंडू घरंगळत नेण्याचा क्लब) वगळता इतर क्लबची लांबी ४८ इंचांपेक्षा अधिक असू शकत नाही आणि २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ती ४६ इंचांपर्यंत मर्यादित करण्याची मुभा आहे. दुकानातले ड्रायव्हर सहसा ४५ ते ४६ इंचांचे असतात. लांब शाफ्टने वेग थोडा वाढतो, पण फेसच्या मध्यावर चेंडू लागण्याचे प्रमाण घटते. काहीही खर्च न करता तपासायचे असेल, तर ग्रिप एक इंच खाली धरून वीस चेंडू मारा. त्याने चेंडू सरळ जाऊ लागला, तर दोष फ्लेक्सचा नाही. पुढे शाफ्ट खरोखरच कापून घेतला, तर अर्ध्या इंचामागे स्विंगवेट (क्लब फिरवताना हेडचे वजन किती जाणवते याचे माप) सुमारे तीन अंकांनी उतरते, आणि ते परत आणायला हेडवर सहा ग्रॅमच्या आसपास शिशाची पट्टी लावावी लागते, हे लक्षात असू द्यावे.

टॉर्क म्हणजे शाफ्ट स्वतःच्या अक्षाभोवती किती अंश पिळला जातो याचे माप. हिकरी लाकडाचे शाफ्ट पिळले जात आणि प्रत्येक लाकूड निराळे असे. खेळाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकी गोल्फ संघटनेने १९२४ मध्ये आणि ब्रिटनच्या आर अँड ए या संस्थेने १९२९ मध्ये स्टीलला मान्यता दिल्यावर स्टीलने दिलेली खरी देणगी लांब अंतराची नव्हती, एकसारखेपणाची होती. तरीही अमेरिकी खेळाडू बॉबी जोन्सने १९३० मध्ये चारही मोठ्या स्पर्धा हिकरीच्याच क्लबनी जिंकल्या. १९७०च्या दशकातले ग्राफाइट पुन्हा पिळणारे होते, आजचे तसे नाही, त्यामुळे टॉर्कच्या एखाद्या अंशासाठी आपण झोप उडवून घेऊ नये. किक पॉइंटविषयी (शाफ्ट सर्वाधिक वाकतो त्या जागेविषयी) तर मी एवढेच म्हणेन की जाहिरातीत त्याला जेवढी जागा मिळते, तेवढा त्याचा चेंडूच्या उंचीवर प्रभाव नसतो.

तेव्हा आपण आधी फेसवर पावडरचा फवारा मारून चेंडू कुठे लागतो ते पाहावे. तो हीलकडे, म्हणजे फेसच्या शाफ्टजवळच्या भागाकडे, लागत असेल, तर चेंडू उजवीकडे वळण्याचे कारण बहुधा तिथेच सापडेल आणि शाफ्टला बोल लावण्याचे कारण उरणार नाही. त्यानंतरही शाफ्ट बदलायचाच असेल, तर लॉन्च मॉनिटर (चेंडूचा वेग आणि दिशा मोजणारे यंत्र) असलेल्या ठिकाणी आपल्याच हेडमध्ये निरनिराळ्या वजनांचे शाफ्ट लावून, प्रत्येकाने किमान दहा चेंडू मारून, सर्वांत लांबचा फटका न बघता सर्व फटक्यांचा फैलाव बघावा. आणि बसवणाऱ्याला विनंती करून शाफ्टवरच्या अक्षरांवर चिकटपट्टी लावून घ्यावी. मी ही चाचणी दिली तेव्हा कोणता शाफ्ट जड आणि कोणता हलका हे मला प्रत्येक वेळी ओळखता आले, पण चारपैकी दोन शाफ्टचे फ्लेक्स मी चुकीचे सांगितले. ज्याने माझा चेंडू सर्वांत कमी भरकटला आणि जो मी छातीठोकपणे स्टिफ म्हणून निवडला, त्याची पट्टी काढल्यावर खाली आर लिहिलेला होता.