ट्रक निघतो फोर-बाय-फोरवर, थांबतो टायरवर

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा नीट वाचला. नोव्हेंबरच्या मध्यात तू यावलहून कॅनडातल्या एडमंटनला येतोयस. बांधकामाच्या साइटवर जायला स्वतःचा पिकअप लागणार, म्हणून एक वापरलेला फोर्ड एफ-१५० बघून ठेवलायस. त्याला जाड बटणांचे ऑल-टेरेन टायर आहेत, बाजूला 'एम+एस' लिहिलंय. विकणारा सांगतोय की बर्फाला हेच चालतात, वेगळे विंटर टायर घेऊन पैसे घालवू नको. आणि तू पुढे लिहिलंयस की भर पावसात काळ्या मातीतून केळीने भरलेली बोलेरो पिकअप बाहेर काढलीय, मग बर्फाचं काय एवढं.

मी चोपडा तालुक्यातला. माझा इथला हा अकरावा हिवाळा. उत्तर आधीच सांगतो: त्या टायरांवर तुझा पहिला हिवाळा काढू नकोस. का, ते सविस्तर लिहितो, कारण काळ्या मातीचा अनुभव इथे नेमका उलटा पडतो आणि हे मला इथे आल्यावर कुणी सांगितलं नव्हतं.

आपल्या शेतरस्त्यावर पाऊस पडला की काय होतं ते तुला माहीत आहे. माती चाकाला लपेटत जाते, बटणांच्या मधल्या खाचा भरतात आणि चांगल्या नव्या टायरचा पार गोटा होतो. चाक जागच्या जागी फिरतं. म्हणून चिखलाच्या टायरला मोठी बटणं आणि रुंद खाचा देतात, फिरता फिरता माती बाहेर फेकली जावी म्हणून. ऑल-टेरेनची नक्षी त्याच विचारातून आलीय. बर्फाला मात्र बर्फच धरतो. दोन्ही हातांत थोडा थोडा बर्फ घेऊन एकमेकांवर दाब, लाडवासारखा चिकटतो. विंटर टायर खाचांमध्ये बर्फ दाबून ठेवतो आणि तो आतला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला पकडतो. शिवाय त्याच्या प्रत्येक बटणावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, एका टायरवर शेकड्यांनी. गाडीचं वजन पडलं की त्या किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड रस्त्याला बोचते. जाड, सलग बटणाला अशा कडा फार थोड्या. दिसायला ते दणकट, पण काचेसारख्या बर्फावर त्याला बोचायला काही नाही.

दुसरी गोष्ट रबराची, आणि ती नक्षीपेक्षा मोठी आहे. साधारण ७ अंशांच्या खाली साध्या टायरचं रबर कडक व्हायला लागतं. ७ अंश म्हणजे किती, तर जानेवारीत धुळ्यात पारा उतरतो आणि आपण शेकोट्या पेटवतो, तेवढे. आपल्या कडाक्याच्या थंडीत इथल्या टायरचा हिवाळा नुसता सुरू होतो; पुढे तो उणे ३० पर्यंत जातो. विंटर टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, ते त्या थंडीतही लवचीक राहतं. इथे आलास की एखाद्या उणे वीसच्या सकाळी दोन गाड्यांच्या टायरांवर अंगठ्याचं नख दाबून बघ. विंटर टायरच्या बटणात नख थोडं रुततं. साध्या टायरवर बैलगाडीच्या धावेवर दाबल्यासारखं वाटतं.

मी हे माझ्या पहिल्याच डिसेंबरात शिकलो. वापरलेला पिकअप, तसेच जाड बटणांचे टायर, तसंच एम+एस, विकणाऱ्याचे शब्दही जवळपास तेच. सकाळी साडेसात, बाहेर अंधार, सिग्नल लाल झाला. माझा वेग चाळीसच्या आसपास. ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड सुरू झाली, पण गाडी मंदावलीच नाही. सरळ, शांतपणे सरकत चौकाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. डाव्या बाजूचा लांब ट्रेलर तेवढ्यात हॉर्न वाजवत माझ्या मागून गेला. मला काही झालं नाही, कुणालाच काही झालं नाही. पण हात इतके कापत होते की गिअर पडेना. रात्री घरी फोन केला तर वडिलांनी एकच विचारलं, "टायर बी थंडीमा आखडस का रे?" हो, आखडतो. बारा वर्षं ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाने एका वाक्यात ओळखलं.

त्या चौकात मला आणखी एक कळलं. फोर-बाय-फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारा गिअर, गाडीला निघायला मदत करतो, थांबायला नाही. ब्रेक चारही चाकांना सगळ्याच गाड्यांत लागतो. पहिल्या बर्फात तुला खड्ड्यात पडलेल्या गाड्या दिसतील, त्यांत मोठे फोर-बाय-फोर पिकअप पुष्कळ असतील. निघताना पकड चांगली वाटते, माणूस वेग घेतो, आणि मग थांबायची वेळ येते.

आता बाजूचं लिखाण वाचायला शिक. 'एम+एस' म्हणजे मड आणि स्नो, चिखल आणि बर्फ. ही खूण नक्षीच्या आकारावरून मिळते, खाचा ठरावीक मापाच्या असल्या की झालं. बर्फावर चालवून बघायची अट नाही. तुला हवं ते चिन्ह वेगळं आहे: तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण. ते मिळवायला टायर दबलेल्या बर्फावर चालवून बघतात आणि तुलनेसाठी ठेवलेल्या ठरावीक टायरपेक्षा तो किमान दहा टक्के जास्त ओढ देतो का ते मोजतात. पण या चिन्हाचीही मर्यादा लक्षात ठेव. त्यात ओढ मोजतात, ब्रेक नाही. आणि दबलेला बर्फ असतो, काचेसारखा गोठलेला रस्ता नाही. म्हणून हिमकणाचं चिन्ह असलेला ऑल-टेरेन आणि खरा विंटर टायर हे दोन्ही एकाच पंगतीत बसत नाहीत.

तरी चिन्हवाले ऑल-टेरेन वाईट नाहीत, तेही सांगतो. बीएफगुडरिचचा केओ-२, फाल्कनचा वाइल्डपीक एटी-३-डब्ल्यू, टोयोचा ओपन कंट्री एटी-३ हे इथे कामाच्या गाड्यांवर सर्रास दिसतात आणि त्यांवर हिमकण असतो. तुझी साइट शहराबाहेर कच्च्या रस्त्यावर असेल, खोल ताजा बर्फ तुडवत जायचं असेल, वर्षभर एकच जोड परवडत असेल, तर हा मार्ग धरायला हरकत नाही. पण तू राहणार शहरात. शहरातला धोका खोल बर्फाचा नसतो, सिग्नलचा असतो. शेकडो गाड्यांची चाकं थांबण्याच्या रेषेपाशी फिरून फिरून तिथला बर्फ घोटतात, तो संगमरवरी फरशीसारखा होतो. आणि बर्फ सर्वांत निसरडा उणे तीसला नसतो, शून्याच्या आसपास असतो, कारण वर पाण्याचा पातळ थर येतो. म्हणजे तू उतरशील तो नोव्हेंबर, दिवसा वितळणारा नि रात्री गोठणारा, हाच जास्त जपायचा काळ. तिथे चिरांचा, मऊ रबराचा खरा विंटर टायरच हवा. ब्रिजस्टोनचा ब्लिझॅक, मिशेलिनचा एक्स-आइस, नोकियनचा हक्कापेलिटा, यांतला तुझ्या मापात मिळेल तो घे. नोकियन फिनलंडची कंपनी. १९३४ मध्ये जगातला पहिला विंटर टायर तिनेच काढला आणि तो ट्रकसाठीच होता.

'ऑल-सीझन' या नावावर मात्र जाऊ नकोस. त्यातले सीझन इथल्या जानेवारीसाठी मोजलेले नाहीत.

मापाबद्दल. त्या एफ-१५० ला बहुधा २० इंची रिम असेल. २७५/५५ आर २० आणि २७५/६५ आर १८ (आधी रुंदी मिलिमीटरमध्ये, मग बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटी रिम इंचांत) या दोन टायरांची उंची जवळपास सारखीच, ८१ सेंटिमीटर. म्हणून हिवाळ्यासाठी १८ इंची साध्या लोखंडी रिमवर दुसरा जोड करून ठेवणं सोपं आणि स्वस्त पडतं. रिम त्या वर्षाच्या गाडीच्या ब्रेकवर बसते का, ते दुकानात आधी बघून घ्यायचं. टायरची बाजू उंच असली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाचते. दिसायला भारी म्हणून रुंद टायर घालू नकोस. रुंद चाक चिखलमिश्रित बर्फावर तरंगतं, अरुंद चाक तो कापत खाली जातं. चारही टायर एकाच जातीचे घे. मागे दोनच विंटर आणि पुढे साधे असा जोड कधीच करू नकोस. पुढचं चाक वळणार नाही आणि मागचं सोडणार नाही.

'एलटी' लिहिलेला टायर घ्यायचा का, हेही तू विचारलंयस. एलटी म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा, बाजू जाड, भार जास्त पेलणारा. 'लोड रेंज ई' (भार पेलण्याची वरची श्रेणी) असेल तर त्यात ८० पीएसआयपर्यंत हवा मारता येते; पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप. वेल्डिंग मशीन, जनरेटर, ट्रेलर रोज ओढायचा असेल तर तोच घ्यावा. पण रिकाम्या एफ-१५० ला तो फार ताठ पडतो. मागची बाजू उडते, आणि उडणाऱ्या चाकाला पकड कुठली. हत्यारांची पेटी आणि तू एवढाच भार असेल तर गाडीच्या दारावरच्या पट्टीत लिहिलेल्या मापाचा नि भाराचा साधा टायर पुरे. रिकाम्या पिकअपचं मागचं अंग हलकं असतं, म्हणून मागच्या चाकांच्या बरोबर वर वाळूच्या चार-पाच पिशव्या टाक आणि बांधून ठेव. अडकलास तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

खिळ्यांचे टायर अल्बर्टात, म्हणजे एडमंटनच्या प्रांतात, चालतात, पण कोरड्या डांबरावर आवाज फार करतात. शहरात मी ते घेणार नाही.

हवेकडे लक्ष ठेव. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआय कमी होते. गरम गॅरेजमध्ये २० अंशांवर ३५ भरलीस आणि बाहेर उणे ३० असलं, तर चाकात २६ च्या आसपास उरते, पंक्चर नसताना. म्हणून गाडी रात्रभर बाहेर राहिलेली असताना, सकाळी निघण्याआधी हवा मोजायची. आणि त्या थंडीत पहिला किलोमीटर चाकं चौकोनी असल्यासारखी धडधडतील. रात्रभर एकाच जागी उभं राहून रबर खालून चपटं झालेलं असतं. घाबरू नकोस, थोडं चाललं की गोल होतं.

जुने टायर घेताना बाजूला 'डीओटी' नंतरचे शेवटचे चार आकडे बघ. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा. सहा-सात वर्षांपूर्वीचं रबर नक्षी शाबूत असली तरी कडक झालेलं असतं. खाचेची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेलेला विंटर टायर हिवाळ्यासाठी संपला असं समज, मग तो कितीही स्वस्त मिळो.

कायद्याचं थोडक्यात: अल्बर्टात विंटर टायरची सक्ती नाही, म्हणून विकणारा खोटं बोलतोय असं कायद्याने म्हणता येणार नाही. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च सक्ती आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरी महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून आहे, आणि तिथे किमान साडेतीन मिलिमीटर खोली असलेला एम+एससुद्धा चालतो. एम+एस कायद्यात बसतं म्हणून ते गाडी थांबवतं असं नाही.

पैशाचं मला कळतं. नवीन माणसाला चार टायर आणि रिम मिळून दीड-दोन हजार डॉलर म्हणजे पहिल्या महिन्याचं भाडंच. पण विंटर जोड चढवला की दुसरा जोड तेवढे महिने घासत नाही, दोन्ही जास्त वर्षं पुरतात. ट्रकच्या किमतीत हे पैसे धरूनच घासाघीस कर: ट्रक दोन हजाराने स्वस्तातला घे, टायर चांगले घे. पहिला बर्फ पडला की टायरच्या दुकानात आठवडे-आठवडे नंबर लागत नाही, म्हणून ट्रक घ्यायच्या आधीच दुकानात वेळ ठरव. तोपर्यंत बसने जा. चाकं बदलल्यावर शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा पान्याने आवळून घे. आणि पहिल्या रविवारी एखाद्या मोकळ्या पार्किंगमध्ये जाऊन वीसच्या वेगाने ब्रेक मारून बघ, गाडी किती लांब सरकते ते अंगात भिनू दे.

सौदा करण्याआधी त्या ट्रकचे पाच फोटो पाठव: चारही टायरांची बाजू, डीओटीचे आकडे दिसतील अशी, आणि ड्रायव्हरच्या दारावरची हवेची पट्टी. शनिवारी मी मोकळा असतो, तू उतरलास की दोघं मिळून बघायला जाऊ. येताना कळण्याचं पीठ आण, इथे मिळत नाही.