वाचकांचे प्रश्न : शिक्षक चांगला आहे, हे मार्कांवरून कळतं का?

प्रश्न : मुलीच्या शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या आहेत. ‘अ’चा निकाल दरवर्षी वरचढ, म्हणून सगळ्या पालकांची धडपड तिकडेच. शिक्षकामुळे खरंच एवढा फरक पडतो का?
— एक पालक, इचलकरंजी

उत्तर : फरक पडतो, पण ‘अ’चा निकाल हा त्याचा पुरावा नव्हे. त्या तुकडीत हुशार मुलंच घातली जात असतील, तर ती जूनमध्येच पुढे होती; बाईंनी त्यात किती भर घातली हे निकालपत्रात दिसत नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांचा अहवाल आला. मुलांच्या गुणांतल्या तफावतीमागे घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा आणि शाळेच्या साधनसामग्रीचा लहान, असं त्यात दिसलं. ‘म्हणजे शाळेनं काही होत नाही’ असा सोयीचा अर्थ मग अनेकांनी काढला. अर्थतज्ज्ञ एरिक हनुशेक यांनी प्रश्न बदलला : मूल कुठे आहे हे सोडा, वर्षभरात किती पुढे सरकलं ते सांगा. तसं मोजल्यावर एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांच्या वर्गांत ठळक फरक दिसू लागला.

स्टीव्हन रिव्हकिन आणि जॉन केन यांच्यासह हनुशेक यांनी टेक्सासच्या आकडेवारीवर केलेला अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाचा दर्जा एका प्रमाण विचलनानं (आकडे सरासरीभोवती साधारण किती पसरलेत, याचं माप) वाढला, तर मुलांचे गणिताचे गुण सुमारे ०.११ प्रमाण विचलनानं वाढतात, असा त्याचा निष्कर्ष. सोपं करून सांगायचं, तर सरासरी शिक्षकाच्या जागी शंभरातल्या ८४ जणांपेक्षा सरस असलेला शिक्षक आला आणि वर्गातल्या मार्कांचं प्रमाण विचलन १५ असलं, तर वर्गाची सरासरी दीडएक मार्कानं वर जाते. एवढंसंच? हो, पण हे एका वर्षाचं आणि एका शिक्षकाचं आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ यांनी एका मोठ्या अमेरिकी शहरातल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी करखात्याच्या माहितीशी जोडून पाहिल्या (प्रकाशन २०१४). शाळेत फक्त एक वर्ष असा सरस शिक्षक मिळालेल्यांची २८व्या वर्षीची कमाई सरासरी १.३ टक्के जास्त निघाली.

प्रश्न : चौथीला दोन वर्गशिक्षक आहेत. वर्षाच्या सुरुवातीच्या आणि अखेरच्या चाचणीचे गुण हाताशी आहेत. त्यावरून कोण जास्त चांगलं शिकवतं हे ठरवता येईल का?
— मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा, जि. सातारा

उत्तर : एका वर्षाच्या गुणांवरून नाही. पण गुण फेकूनही देऊ नका.

आधी नुसती वजाबाकी टाळा. सुरुवातीला ९० मार्क असलेल्या मुलाला वर जायला जागाच नसते. १० मिळालेल्यांपैकी काही जण त्या दिवशी तापानं फणफणलेले असतात. त्यांचे मार्क कुणी काही न शिकवताही वाढतात. म्हणून सुरुवातीच्या मार्कांचे गट पाडा : ० ते २०, २१ ते ४० असे. प्रत्येक गटाची अखेरची सरासरी काढा, शक्यतो तुमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळा मिळून. मग प्रत्येक मूल आपल्या गटाच्या सरासरीच्या किती वर किंवा खाली आहे ते पाहा आणि त्या फरकांची वर्गवार सरासरी घ्या. वर्षाच्या मध्यात आलेली मुलं वगळा. अखेरच्या चाचणीला गैरहजर राहिलेल्यांची मात्र वेगळी नोंद ठेवा, कारण कच्ची मुलं नेमकी त्याच दिवशी घरी राहिली की वर्ग आपोआप हुशार दिसतो. पेपर तपासताना तुकड्यांची अदलाबदल करा.

आता खरी अडचण. गट पाडूनही एकेका मुलाचे मार्क सरासरीपासून १० मार्कांनी इकडेतिकडे होतात असं धरू. पट ३० असेल, तर वर्गाची सरासरी केवळ योगायोगानं १० भागिले ३०चं वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.८ मार्कांनी हलते. आपण शोधतोय तो शिक्षकाचा परिणाम, पहिल्या उत्तरात पाहिल्याप्रमाणे, दीड मार्काचा, म्हणजे योगायोग त्याहून मोठा! यावरचा तोडगा असा : दीडचा वर्ग २.२५, योगायोगाचा वर्ग ३.३३, २.२५ला दोहोंच्या बेरजेनं भागलं की ०.४० येतात. एखादा वर्ग केंद्राच्या सरासरीपेक्षा ४ मार्कांनी पुढे असेल, तर त्यातले १.६ मार्कच शिक्षकाच्या खात्यावर मांडा. तीन वर्षांची मिळून ९० मुलं झाली, तर हाच गुणक ०.६७ होतो. तरीही हा हिशेब उदारच आहे. वर्गात गोवराची साथ आली किंवा शेजारी महिनाभर बांधकाम चाललं, तर सगळ्या मुलांचे मार्क एकदम घसरतात. असा फटका पट मोठा असल्यानं कमी होत नाही, वर्षं वाढवल्यानंच होतो.

अमेरिकेत काही संशोधकांनी हीच पद्धत न्यूयॉर्कमधल्या मुलांच्या उंचीला लावून पाहिली. शिक्षकांचा उंचीवरचा ‘परिणाम’ जवळपास गणित-वाचनावरच्या परिणामाएवढा निघाला! शिक्षक मुलांची उंची वाढवत नाहीत, हे उघड आहे. तो निव्वळ आकड्यांचा गोंगाट होता.

आणखी एक तपासणी जरूर करा. जेसी रॉथस्टीन यांनी नॉर्थ कॅरोलायनाच्या नोंदींत पाचवीच्या शिक्षकांचा ‘परिणाम’ मुलांच्या चौथीतल्या प्रगतीवर दाखवून दिला. मागच्या वर्षावर परिणाम होणं शक्य नाही. म्हणजे तुकड्या पाडतानाच निवड झाली होती. तुम्हीही चौथीच्या दोन तुकड्यांतल्या मुलांची तिसरीतली प्रगती ताडून पाहा. तिथेच फरक दिसला, तर पुढचा हिशेब व्यर्थ. पुढच्या जूनमध्ये चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडा. पालक कुरकुरतील, पण हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

आकड्यांचा उपयोग कुणाच्या वर्गात जाऊन बसायचं हे ठरवण्यापुरता करा. गेट्स प्रतिष्ठाननं सुमारे ३,००० शिक्षकांवर केलेल्या अभ्यासात मुलांची प्रगती, वर्गनिरीक्षण आणि विद्यार्थ्यांची प्रश्नावली या तिन्हींचा मेळ घातला होता. एकाच निरीक्षकानं पुन्हा पुन्हा जाण्यापेक्षा दुसऱ्यानंही जाऊन पाहिलेलं जास्त भरवशाचं ठरलं. म्हणजे तुमच्याबरोबर केंद्रप्रमुखांनीही, वेगळ्या दिवशी.

प्रश्न : शिक्षक निवडताना पदवी पाहावी की अनुभव?
— संस्थाचालक, नाशिक

उत्तर : दोन्हींवरून फारसं कळत नाही. टेक्सासच्या अभ्यासात पदव्युत्तर पदवीचा फायदा दिसला नाही. अनुभवाचा दिसला तो मुख्यतः पहिल्या काही वर्षांत. पाकिस्तानातल्या पंजाब प्रांतातल्या अभ्यासातही पदवी-अनुभवासारख्या कागदावर दिसणाऱ्या गोष्टींनी शिक्षकांमधल्या फरकाचा ५ टक्क्यांहून जास्त भाग उलगडला नाही. मुलाखतीपेक्षा उमेदवाराला चौथीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी शिकवायला लावा.

प्रश्न : पगार निकालाशी जोडला तर शिक्षण सुधारेल का?
— निवृत्त शिक्षक, रत्नागिरी

उत्तर : सरसकट पगारवाढीनं नाही सुधारत. इंडोनेशियात प्रमाणित शिक्षकांचं मूळ वेतन दुप्पट केलं गेलं. ३६० शाळांत झालेल्या प्रयोगात शिक्षकांचं समाधान वाढलं, जोडधंदे कमी झाले. दोन-तीन वर्षांनंतरही मुलांचे गुण मात्र जागचे हलले नाहीत.

निकालाशी जोडलेल्या बोनसचा उत्तम प्रयोग आपल्या शेजारीच, तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी तो २००५पासून ग्रामीण सरकारी शाळांत केला. मुलांच्या सरासरी गुणांत ५ टक्क्यांवर जेवढी वाढ होईल, त्यातल्या प्रत्येक टक्क्याला शिक्षकाला ५०० रुपये. बोनसची सरासरी रक्कम वार्षिक पगाराच्या ३ टक्क्यांच्या आसपास होती. दोन वर्षांत गणित ०.२७ आणि भाषा ०.१७ प्रमाण विचलनानं पुढे गेली. शिक्षकांची गैरहजेरी मात्र कमी झाली नाही. आलेल्या दिवशी जादा तास आणि सराव चाचण्या वाढल्या.

ही योजना टिकली ती बारीक अटींमुळे. सुरुवातीची चाचणी देऊन अखेरच्या चाचणीला न आलेल्या मुलाची वाढ शून्य धरली जाई, त्यामुळे कच्च्या मुलाला घरी बसवण्यात फायदा नव्हता. परीक्षा बाहेरच्या लोकांनी घेतल्या. ही दक्षता नसली तर काय होतं, ते अमेरिकेतल्या अटलांटात दिसलं. तिथं गुण वाढवण्याच्या दबावाखाली शाळेतल्याच लोकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांत खाडाखोड केली आणि २०१५ साली ११ जण न्यायालयात दोषी ठरले.